पंच, क्लब आणि पासपोर्ट : इटालियन फुटबॉलमधल्या शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

इटलीत फुटबॉलचे चाहते बोलायला लागले की तीन विषय हमखास निघतात: पंचांनी न दिलेली पेनल्टी, आपल्या क्लबवर झालेला अन्याय, आणि राष्ट्रीय संघाची निळी जर्सी घातलेला अमुक खेळाडू इटालियन म्हणायचा की नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, पहिले दोन विषय खेळाचे आणि तिसरा राजकारणातून आलेला. तसं ते नाही. पंचगिरी, क्लबांचे हितसंबंध आणि नागरिकत्व यांची गाठ १९२६ च्या उन्हाळ्यात एका दस्तऐवजाने बांधली आणि ती आजवर सुटलेली नाही. व्हिडिओ पंच आले, युरोपीय न्यायालयाचे निकाल आले, नागरिकत्वाचे कायदे बदलले, तरी वाद फिरून त्याच जागी येतो. ही गाठ समजून घ्यायची तर त्या उन्हाळ्याच्या एक वर्ष आधी जावं लागतं.

७ जून १९२५, मिलान. उत्तर इटलीच्या विजेतेपदासाठी जेनोआ आणि बोलोन्या समोरासमोर होते. आधीच्या दोन लढतींत प्रत्येकी एक विजय, म्हणून ही तिसरी लढत त्रयस्थ मैदानावर. दक्षिणेचे संघ तेव्हा फार मागे होते, त्यामुळे उत्तर जिंकली की देश जिंकल्यातच जमा असे. जेनोआच्या नावावर आधीच ९ विजेतेपदं होती आणि मध्यंतराला ते २-० ने पुढे होते. गर्दी इतकी, की माणसं मैदानाच्या रेषेला टेकून उभी होती. उत्तरार्धात बोलोन्याच्या मुझ्झिओलीने फटका हाणला. गोलरक्षक दे प्रा याने चेंडू बाहेर ढकलला, असं पंच जोव्हान्नी माउरो यांना दिसलं आणि त्यांनी कॉर्नर दिला. बोलोन्याच्या बाजूचं म्हणणं, चेंडू आत जाऊन जाळ्यातून बाहेर निसटला. लोक मैदानात घुसले, त्यांत काळ्या शर्टातले फॅसिस्टही होते. बोलोन्याचा फॅसिस्ट पुढारी लेआन्द्रो आर्पिनाती तिथे जातीने हजर होता. खेळ थांबला, पंचांना घेराव पडला, आणि माउरोंनी अखेर कॉर्नर रद्द करून गोल दिला. पुढे बोलोन्याने बरोबरीही साधली. जेनोआने जादा वेळ खेळायला साफ नकार दिला.

चौथी लढत ५ जुलैला ट्युरिनला झाली, तीही बरोबरीत सुटली. त्या संध्याकाळी पोर्ता नुओव्हा स्टेशनवर दोन्हीकडचे चाहते परतीच्या गाड्यांत बसले असताना बोलोन्याच्या गाडीतून जेनोआच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाचवा सामना मग ९ ऑगस्टला मिलानजवळ, सकाळी सात वाजता, प्रेक्षकांविना खेळवला गेला. तो बोलोन्याने २-० ने जिंकला. ‘पिस्तुलांचं विजेतेपद’ या नावाने ते ओळखलं जातं. इटलीत दहा विजेतेपदं मिळवलेल्या क्लबला जर्सीवर एक तारा लावता येतो. जेनोआ आजही नऊवर अडकलेला आहे, आणि त्याचे चाहते १९२५ चं विजेतेपद निदान विभागून तरी द्या, अशी मागणी अजून करतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कॉर्नरसाठी चाललेली ही मागणी कुणाला अतिरेकी वाटेल. मला नाही वाटत. त्या दिवशी निर्णय पंचांच्या शिट्टीवर झाला नाही, तो घेराव घालणाऱ्यांनी करून घेतला, हे त्या चाहत्यांचं मूळ म्हणणं आहे आणि ते खरं आहे.

पुढच्या मोसमात हीच जखम पुन्हा उघडली. फेब्रुवारी १९२६ मधल्या कासाले-तोरिनो सामन्यातल्या पंचगिरीवरून तक्रार झाली आणि अधिकाऱ्यांनी तो सामनाच रद्द ठरवला. त्या काळी क्लबांना नको असलेल्या पंचांना नकार देण्याची मुभा होती. त्यामुळे कोण पंच कोणाला चालतो, यावर उघड सौदेबाजी चाले. आता तर पंचांचा निकालच कागदावर खोडला गेला. पंचांच्या संघटनेने हे आपल्या अब्रूवर आलेलं मानलं आणि बहिष्काराचं हत्यार उपसलं. इटालियन फुटबॉल महासंघाचा कारभार ठप्प झाला. मुसोलिनी सरकारच्या हाताखालच्या ऑलिंपिक समितीला आयती संधी मिळाली. तिने तीन तज्ज्ञ नेमले आणि फुटबॉलची नवी घडी बसवण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. त्या तिघांतला एक होता वकील जोव्हान्नी माउरो. मिलानच्या मैदानावर घेरला गेलेला तोच पंच.

२ ऑगस्ट १९२६ ला जाहीर झालेल्या त्यांच्या दस्तऐवजाला ‘व्हियारेज्जोची सनद’ म्हणतात. तिने पंचांच्या नेमणुका केंद्राच्या ताब्यात घेतल्या, म्हणजे क्लबांचा नकाराधिकार गेला आणि त्या जागी सरकारी वरदहस्त आला. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तिने पहिल्यांदा अधिकृत मान्यता दिली, त्यातून खेळाडूंचा बाजार उभा राहिला. आणि तिसरी गोष्ट, तिने परदेशी खेळाडूंना दार बंद केलं. एका मोसमापुरती थोडी सवलत होती, नंतर पूर्ण बंदी. हंगेरी आणि ऑस्ट्रियाचे जे खेळाडू तेव्हा इटालियन मैदानं गाजवत होते, त्यांना गाशा गुंडाळावा लागला. काही आठवड्यांतच आर्पिनाती महासंघाचा अध्यक्ष झाला आणि महासंघाचं कार्यालय बोलोन्याला हललं.

क्लबांच्या हातात आता पैसा होता, बाजार होता, पण परदेशी खेळाडू घ्यायची सोय नव्हती. मग त्यांनी नागरिकत्वाच्या कायद्यात वाट शोधली. १९१२ चा कायदा क्रमांक ५५५ रक्ताच्या नात्यावर उभा होता. इटालियन बापाचं मूल ब्युनोस आयर्समध्ये जन्मलं तरी इटालियन. हा कायदा फुटबॉलसाठी नव्हताच. लाखो माणसं पोट भरायला अटलांटिकपार गेली होती आणि त्यांच्या मुलाबाळांशी नाळ तुटू नये, अशी सरकारची इच्छा होती. क्लबांच्या लक्षात आलं की अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलच्या मैदानांवर इटालियन आडनावांची रांग लागलेली आहे. हे खेळाडू परदेशी नव्हेत, ते ‘ओरिऊंदी’, म्हणजे परत आलेले आपलेच लेक. हुलिओ लिबोनात्ती १९२५ मध्येच रोसारिओहून तोरिनोत आला होता. १९२८ मध्ये अॅमस्टरडॅम ऑलिंपिकचं रौप्यपदक घेऊन परतलेल्या राइमुंदो ओर्सीला जुव्हेंटसने करारबद्ध केलं. त्याच्यामागोमाग लुइस मोंती आला.

मोंतीची कहाणी जगात एकमेव आहे. १९३० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तो अर्जेंटिनाकडून खेळला आणि हरला. १९३४ चा अंतिम सामना इटलीकडून खेळला आणि जिंकला. दोन वेगळ्या देशांकडून विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरलेला दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही. १९३४ च्या त्या संघात ओर्सी, एन्रिके ग्वाइता आणि आतिलिओ देमारिआही होते. उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाविरुद्धचा एकमेव गोल ग्वाइताचा. अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्धची बरोबरी ओर्सीची. दोन्ही सामन्यांना पंच एकच, स्वीडनचे इव्हान एकलिंड, आणि त्यांच्या निर्णयांवरची शंका ऑस्ट्रियात पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. जे इटलीसाठी लढून मरू शकतात ते इटलीसाठी खेळूही शकतात, हा प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे.

त्या युक्तिवादाची परीक्षा वर्षभरातच झाली. १९३४-३५ च्या मोसमात ग्वाइताने रोमासाठी २९ सामन्यांत २८ गोल केले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. सप्टेंबर १९३५ मध्ये इथिओपियावरच्या स्वारीची तयारी सुरू होती आणि नागरिक म्हणून सैन्यभरतीचं बोलावणं ग्वाइता, स्कोपेल्ली आणि स्तान्यारो या रोमाच्या तिघा अर्जेंटिनी खेळाडूंनाही आलं. मोसम सुरू होण्याच्या तोंडावर तिघे गुपचूप निघाले आणि फ्रान्सची हद्द गाठली. कालपर्यंत ज्यांना ‘आपलेच लेक’ म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांना वर्तमानपत्रांनी एका रात्रीत गद्दार ठरवलं. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांच्याशी झालेला व्यवहार गोल करण्याचा होता. त्या कागदाच्या बदल्यात आफ्रिकेतल्या एका देशावर चालून जायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

युद्धानंतर तेच चक्र पुन्हा फिरलं. सिव्होरी अर्जेंटिनाकडून आणि अल्ताफिनी १९५८ च्या विश्वविजेत्या ब्राझीलकडून खेळून झाल्यावर १९६२ मध्ये दोघेही इटलीच्या जर्सीत चिलीला गेले. २ जूनला सांतियागोत यजमान चिलीविरुद्धचा सामना म्हणजे शुद्ध मारामारी होती. इटलीचे फेर्रिनी आणि दाविद बाहेर गेले. अर्जेंटिनात जन्मलेल्या माश्कियोचं नाक चिलीच्या लिओनेल सांचेझच्या ठोशाने मोडलं आणि सांचेझला शिक्षा झाली नाही. इटली ०-२ हरली. त्या दिवशीचे इंग्लिश पंच केन अॅस्टन यांनीच पुढे पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना मांडली, जी १९७० च्या विश्वचषकात अमलात आली. एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्या देशाकडून खेळू नये, असा जागतिक महासंघाचा नियमही त्याच दशकात घट्ट झाला. मग १९६६ आलं. मिडल्सबरोला उत्तर कोरियाने इटलीला १-० ने घरी पाठवलं आणि सारं खापर परदेशी खेळाडूंवर फुटलं. आयातीचं दार बंद राहिलं ते थेट १९८० पर्यंत.

या बंद दाराच्या वर्षांत पंचांवरचा वाद मात्र घराघरांत पोहोचला. २२ ऑक्टोबर १९६७ ला मिलान आणि इंटर या मिलान शहरातल्याच दोन क्लबांच्या सामन्यात मिलानच्या रिव्हेराचा एक फटका आडव्या दांड्याला लागून खाली आला आणि पंचांनी गोल दिला. त्या रात्री सरकारी दूरचित्रवाणीवर कार्लो सास्सी आणि एरॉन व्हितालेत्ती यांनी ती फिल्म संकलनाच्या यंत्रावर मागेपुढे फिरवून दाखवली. त्या यंत्राचं नाव मोव्हिओला, आणि पुढे संथगतीत दाखवलेल्या प्रत्येक निर्णयाला तेच नाव पडलं. पंचांना जे एकदाच, एका कोनातून, धावता धावता दिसतं, ते आता देशाला आठवडाभर हवं तितक्या वेळा दिसू लागलं. १९८० पासून आल्दो बिस्कार्दींच्या ‘सोमवारचा खटला’ या टीव्ही कार्यक्रमात क्लबांचे वकील बसल्यासारखे पत्रकार भांडायचे, आणि मोव्हिओला थेट मैदानावर आणा, असा धोशा बिस्कार्दींनी अनेक वर्षं लावला.

१९८१ मध्ये जुव्हेंटसविरुद्ध रोमाच्या तुरोनेचा गोल ऑफसाइड ठरला. रोमाच्या चाहत्यांच्या दोन पिढ्या रेषापंचाच्या त्या एका झेंड्यावर पोसल्या गेल्या. पण या साऱ्यात जवळून पाहावा असा क्षण २६ एप्रिल १९९८ चा आहे. ट्युरिनमध्ये जुव्हेंटस इंटरविरुद्ध १-० ने पुढे, विजेतेपदाची शर्यत या दोघांतच. पेनल्टी क्षेत्रात इंटरचा ब्राझिली रोनाल्डो चेंडू पुढे ढकलून धावतो, जुव्हेंटसचा युलियानो आडवा येतो, दोघांची छाताडाला छाताड लागून टक्कर होते आणि रोनाल्डो आडवा पडतो. पंच पिएरो चेक्कारिनी हाताने खूण करतात: खेळत राहा. इंटरचे खेळाडू दाद मागत असतानाच चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचतो, देल पिएरो पडतो, आणि या वेळी शिट्टी वाजते. पेनल्टी, पण जुव्हेंटसला. इंटरचे शांत स्वभावाचे प्रशिक्षक जिजी सिमोनी मैदानात धावत आले आणि बाहेर काढले गेले. ती पेनल्टी पाल्युकाने अडवली, पण सामना १-० च राहिला आणि विजेतेपद जुव्हेंटसकडे गेलं. काही दिवसांत संसदेत या विषयावर चर्चा झाली. जुव्हेंटसचा माजी खेळाडू आणि खासदार मास्सिमो माउरो बोलत असताना समोरच्या बाकावरचा एक खासदार त्याच्या अंगावर धावून गेला आणि कामकाज थांबवावं लागलं.

तोवर बेल्जियन खेळाडू बोस्मनच्या खटल्याचा निकाल येऊन गेला होता. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने ठरवलं की युरोपीय संघातल्या कोणत्याही देशाचा नागरिक संघातल्या कोणत्याही क्लबात परदेशी म्हणून मोजता येणार नाही. कामगारांच्या मुक्त संचाराचा तो निकाल होता आणि न्याय्य होता. पण त्याने दक्षिण अमेरिकन खेळाडूच्या खिशातल्या युरोपीय पासपोर्टची किंमत अफाट वाढवली. १९२८ मध्ये क्लब आडनाव पाहून खेळाडू शोधत. आता खेळाडू सापडल्यावर पूर्वज शोधले जाऊ लागले, आणि सापडले नाहीत तर बनवले जाऊ लागले. २००० आणि २००१ मध्ये बनावट पासपोर्टांचं प्रकरण फुटलं. इंटरच्या रेकोबावर आधी एक वर्षाची बंदी आली, नंतर ती चार महिन्यांवर आणली गेली. मिलानचा गोलरक्षक दिदा पोर्तुगीज कागदपत्रांपायी अडकला. लाझिओच्या व्हेरोनची न्यायालयात पुढे निर्दोष सुटका झाली.

या प्रकरणात क्लबाचं वैर आणि नागरिकत्वाचा नियम एकमेकांत कसे गुंतले, ते पाहायचं तर मे २००१ पाहावं. तेव्हा युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू एका सामन्यात उतरवता येत. मोसम संपायला काही आठवडे उरले असताना महासंघाच्या न्यायमंडळाने ही मर्यादा उठवली. त्यानंतर काही दिवसांतच, ६ मे रोजी, आघाडीवरचा रोमा दुसऱ्या क्रमांकावरच्या जुव्हेंटसच्या मैदानावर गेला. सहा मिनिटांत जुव्हेंटस २-० पुढे. उत्तरार्धात प्रशिक्षक कापेल्लोंनी खुद्द कर्णधार तोत्तीला बाहेर काढून जपानच्या नाकाताला उतरवलं. जुन्या नियमाने तो बहुधा बाहेरच बसला असता. नाकाताने दुरून गोल केला, त्याच्याच आणखी एका फटक्यावरून उडालेला चेंडू मोंतेल्लाने जाळ्यात धाडला, २-२. रोमाने ते विजेतेपद जिंकलं. बरोबर नियम चुकीच्या वेळी बदलला की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मर्यादा जाचक होती, ती जायलाच हवी होती. पण चौतीस सामन्यांच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर आखणी बदलली, हा जुव्हेंटसच्या चाहत्यांचा राग तितकाच रास्त होता.

त्या रागाला नैतिक वजन फार काळ राहिलं नाही. मे २००६ मध्ये जुव्हेंटसचे संचालक लुचानो मोज्जी यांचे पंचांच्या नेमणुका करणाऱ्या अधिकाऱ्यांशी झालेले फोन छापून आले. कोणत्या सामन्याला कोण पंच हवा, यावरची ती बोलणी होती. १९२६ च्या सनदेने नेमणुका क्लबांच्या हातून काढून केंद्राकडे दिल्या होत्या, आणि ऐंशी वर्षांनी एका क्लबाचा माणूस त्या केंद्राशीच रोज बोलत होता. जुव्हेंटसची २००५ आणि २००६ ची विजेतेपदं गेली, क्लब गुणकपातीसह दुसऱ्या श्रेणीत उतरवला गेला. मिलान, लाझिओ, फिओरेंतिना यांनाही शिक्षा झाल्या. २००६ चं विजेतेपद इंटरला बहाल झालं, आणि नवा तंटा तिथून सुरू झाला. अधिकृत मोजणी आणि जुव्हेंटसची स्वतःची मोजणी यांत आजही दोनचा फरक आहे. हा खटला चालू असतानाच, ९ जुलैला बर्लिनमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला. विजयी संघात जुव्हेंटसचा मधल्या फळीतला कामोरानेसी होता. जन्म अर्जेंटिनातला, पणजोबा इटलीतले.

कामोरानेसीचं नाव आलं की माझ्या मनात लगेच दुसरं नाव येतं, आणि या साऱ्या इतिहासातला खरा अन्याय मला तिथे दिसतो. मारिओ बालोतेल्ली १२ ऑगस्ट १९९० ला पालेर्मोत जन्मला. आईवडील घानाचे. लहानपणीच तो ब्रेशाजवळच्या एका इटालियन कुटुंबात वाढायला गेला, तिथल्या शाळेत शिकला, तिथल्याच बोलीत बोलला. पण १९९२ च्या कायदा क्रमांक ९१ प्रमाणे परदेशी आईवडिलांच्या पोटी इटलीत जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत सलग तिथेच राहावं लागतं, आणि मग एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आईवडिलांना स्वतःहून नागरिक व्हायचं तर दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य हवं, शिवाय पुढे कार्यालयांची दिरंगाई. १९१२ च्या कायद्यात पाच वर्षं पुरत होती. म्हणजे पणजोबांच्या दाखल्यावर ब्युनोस आयर्सचा मुलगा नागरिक, आणि पालेर्मोच्या रुग्णालयात जन्मलेला मुलगा परका. इंटरकडून सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळून, गोल करून झाला तरी बालोतेल्ली कागदोपत्री परदेशीच होता. १३ ऑगस्ट २००८ ला, अठरावा वाढदिवस उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याला नागरिकत्व मिळालं.

कागद मिळाला, पण प्रश्न थांबला नाही. एप्रिल २००९ मध्ये ट्युरिनमध्ये त्याच्यावर झालेल्या वर्णद्वेषी घोषणांसाठी जुव्हेंटसला एक सामना प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा झाली. ‘काळा इटालियन नसतो’ ही आरोळी त्याच्या कानांवर वर्षानुवर्षं पडली. २८ जून २०१२ ला वॉर्सात युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध त्याने दोन गोल केले तेव्हा तो काही दिवस सगळ्यांचा झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हेरोनात माकडाचे आवाज ऐकून त्याने चेंडू उचलून लाथेने प्रेक्षकांत भिरकावला. तिथल्या कडव्या चाहत्यांच्या म्होरक्याने दुसऱ्या दिवशी जाहीर सांगितलं की हा कधीच पूर्ण इटालियन होणार नाही. क्लबाने त्या माणसाला २०३० पर्यंत स्टेडियमबंदी केली. ग्वाइताला गद्दार म्हणणारे आणि बालोतेल्लीला परका म्हणणारे यांच्यात पाऊणशे वर्षांपेक्षा जास्त काळ गेला, पण नागरिकत्व ही आपण मेहेरबानीने दिलेली आणि हवी तेव्हा परत घ्यायची वस्तू आहे, ही समजूत तशीच राहिली.

मैदानावरचे लोकही या प्रश्नावर एका जागी ठाम राहिलेले नाहीत. २०१५ मध्ये इंटरचे प्रशिक्षक असताना रॉबेर्तो मानचिनी म्हणाले होते की राष्ट्रीय संघात इटलीत जन्मलेल्यांनीच खेळावं. पुढे तेच राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि ११ जुलै २०२१ ला वेम्ब्लीवर युरो चषक उचलणाऱ्या त्यांच्या संघात ब्राझीलमध्ये जन्मलेले जोर्जिन्यो, एमेर्सन आणि तोलोई होते. २०२३ मध्ये त्यांनीच अर्जेंटिनातून मातेओ रेतेगीला बोलावलं, आजोबा इटालियन म्हणून. पहिल्याच सामन्यात, नेपल्समध्ये इंग्लंडविरुद्ध, त्याने गोल केला.

सुआरेझच्या परीक्षेची गोष्ट याच काळातली. २०२० मध्ये जुव्हेंटसला उरुग्वेचा लुइस सुआरेझ हवा होता, पण युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या जागा भरलेल्या होत्या. सुआरेझची पत्नी इटालियन वंशाची, त्यामुळे लग्नाच्या नात्याने त्याला नागरिकत्व मागता येत होतं. अडसर एकच: २०१८ पासून अशा अर्जदाराला इटालियन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा सक्तीची झाली होती. १७ सप्टेंबरला पेरुजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात त्याने ती दिली आणि तो पास झाला. काही दिवसांतच तपासयंत्रणेने सांगितलं की प्रश्न त्याला आधीच ठाऊक होते आणि फोनवरची बोलणी ध्वनिमुद्रित झालेली आहेत. सुआरेझ मात्र जुव्हेंटसऐवजी अॅटलेटिको माद्रिदला गेला. लोकांना राग आला तो परीक्षेचा कमी आणि वेगाचा जास्त. ज्यांच्या घरात नागरिकत्वाची फाइल चार-चार वर्षं पुढे सरकत नाही, त्यांनी एका गोल करणाऱ्या स्ट्रायकरसाठी परीक्षेची तारीख काही दिवसांत निघालेली पाहिली.

पंचांच्या बाजूने बघितलं तर याच वर्षांत यंत्रं आली. २५ फेब्रुवारी २०१२ ला मिलानच्या मुन्तारीचं हेडर गोलरेषेच्या बरंच आत गेलेलं असताना जुव्हेंटसचा गोलरक्षक बुफ्फोनने चेंडू बाहेर काढला आणि गोल दिला गेला नाही. सामना जुव्हेंटसशी १-१ असा सुटला आणि मोसमाअखेर जुव्हेंटसच विजेता ठरला. त्यानंतर सेरी आमध्ये २०१५-१६ पासून गोलरेषा तंत्रज्ञान आणि २०१७-१८ पासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पंच, लागू झालं. चेंडू रेषेपार गेला की नाही, हा वाद त्याने खरोखर संपवला. हँडबॉल आणि धक्क्याचा वाद संपला नाही, कारण तिथे पाहणाऱ्याला अर्थ लावावाच लागतो. फरक एवढाच, की पूर्वी रोष एकट्या पंचावर असे, आता पडद्यासमोर बसलेल्यांवरही असतो.

नागरिकत्वाच्या बाजूने असं कोणतंही यंत्र आलं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये इटलीच्या कनिष्ठ सभागृहाने तिथे जन्मलेल्या किंवा तिथल्या शाळांत शिकलेल्या मुलांसाठी सुधारणा मंजूर केली. डिसेंबर २०१७ मध्ये ती वरिष्ठ सभागृहात गणसंख्येअभावी बारगळली. दरम्यान जानेवारी २०१६ च्या एका छोट्या कायद्याने, दहाव्या वर्षापासून किंवा त्याआधीपासून इटलीत राहणाऱ्या परदेशी मुलांची क्रीडासंघटनांत नोंदणी इटालियन मुलांप्रमाणेच व्हावी, अशी तरतूद केली. क्लबात खेळता येतं, राष्ट्रीय संघात नाही. पुरतं काही नसलं तरी हजारो मुलांना त्यामुळे मैदान मिळालं, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

२०२५ मध्ये दोन्ही टोकांना हात घातला गेला. मार्चमध्ये काढलेल्या आणि मेमध्ये कायदा क्रमांक ७४ म्हणून मंजूर झालेल्या वटहुकमाने वंशाच्या नात्याने मिळणारं नागरिकत्व मुख्यत्वे आईवडील आणि आजी-आजोबांपर्यंत आणून ठेवलं. पणजोबांचा दाखला आता पुरत नाही. कामोरानेसीची वाट बंद झाली, रेतेगीची उघडी आहे. त्यानंतर ८ आणि ९ जूनला झालेल्या सार्वमतात वास्तव्याची अट दहावरून पाच वर्षांवर, म्हणजे १९१२ इतकी, आणावी का, हा प्रश्न होता. त्यासाठी निम्म्याहून जास्त मतदार यायला हवे होते. आले सुमारे तीस टक्के. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांशांनी होय म्हटलं, तरी निकाल ग्राह्य धरला गेला नाही. दहा वर्षांची अट कायम आहे, आणि इटलीत जन्मलेल्या परदेशी आईवडिलांच्या मुलासाठी अठराव्या वाढदिवसानंतरची एका वर्षाची मुदतही.